दुष्काळ सुरू असताना मदतकार्यातून परतणे योग्य आहे का?

वाटसरू (धागाकर्ती):
उत्तर केनियातील मार्साबिट काउंटीत मी पोषण कार्यक्रमात काम करत होते. तिथे वर्षातून दोनदा पाऊस येतो, आणि २०२० च्या अखेरीपासून २०२२ च्या अखेरीपर्यंतचे पाचही हंगाम लागोपाठ अपुरे गेले. करार संपला तेव्हा दुष्काळ ऐन भरात होता, तरीही मी परतले, आणि तेव्हापासून अनेकांनी ‘अशा वेळी सोडून कसे आलात’ असे विचारले आहे. माझे मत स्पष्ट आहे : परतणे योग्यच होते. गाब्रा आणि रेंडिले या तिथल्या पशुपालक समाजांतील ज्या कुटुंबांचे उंट आणि शेळ्या दगावल्या, त्यांचा कळप चांगला पाऊस झाल्यावरही पुन्हा उभा राहायला कित्येक वर्षे लागतात. मग ‘दुष्काळ संपेपर्यंत थांबा’ म्हणणाऱ्यांनी त्याचा शेवट कोणत्या दिवशी धरायचा तेही सांगावे. कुपोषण ओळखण्यासाठी लहान मुलांचा दंडघेर (दंडाचा घेर) मोजणे, तो साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर बाळाला उपचारात दाखल करणे आणि आईला पुन्हा पुन्हा भेटणे, हे काम तिथल्या आरोग्यसेविका माझ्यापेक्षा सरस करतात, कारण त्यांना आईची भाषा येते आणि तिचे घर कळपामागे कुठे गेले असेल याचा अंदाजही असतो. माझा प्रवास, निवास, विमा आणि सुरक्षा यांवर होणारा खर्च त्यांच्या वेतनाकडे वळावा, हे मला अधिक न्याय्य वाटते.

कोरडवाहू:
खर्च आपोआप वळत नाही. किमान एक चतुर्थांश निधी शक्य तितका थेट स्थानिक संस्थांना देण्याचे लक्ष्य देणगीदारांनी आणि मोठ्या संस्थांनी २०१६ च्या ‘ग्रँड बार्गेन’ करारात २०२० पर्यंतसाठी स्वीकारले होते. ते गाठले गेले नाही. मग ‘स्थानिकांकडे सोपवले’ याचा व्यवहारातला अर्थ असा होतो, की जिच्या स्वतःच्या शेळ्या मेल्या आहेत त्याच आरोग्यसेविकेवर तेवढ्याच पैशांत दुप्पट भार पडतो, आणि तिच्या कराराला परतीचे तिकीट नसते. शिवाय बाहेरच्यांच्या नसण्याची किंमत आपण पाहिलेली आहे. सशस्त्र गटांचे हल्ले आणि त्यांच्या अटी यांमुळे संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाने जानेवारी २०१० मध्ये दक्षिण सोमालियातील बरेचसे काम थांबवले. पुढे जुलै २०११ मध्ये तिथे भूकबळीचे संकट अधिकृतपणे जाहीर झाले. त्या काळातील मृत्यूंचा नंतरचा अंदाज सुमारे अडीच लाखांचा आहे, आणि त्यांत निम्मी पाच वर्षांखालील मुले होती.

वाटसरू:
सोमालियाचे उदाहरण महत्त्वाचे आहे, पण ते माझ्याविरुद्ध जात नाही. तिथे धान्याचा पुरवठाच थांबला. एका माणसाच्या जागी दुसरे माणूस आले असे नव्हते. शिवाय धोक्याचे इशारे कित्येक महिने आधीपासून दिले जात होते. कमतरता निर्णयाची, वाट मोकळी असण्याची आणि वेळेवर पोहोचणाऱ्या पैशांची होती. संस्थेने माघार घेणे आणि कर्मचाऱ्याने घरी जाणे यांना एकाच तराजूत घालणे मला मान्य नाही.

दस्तावेज :
दोघांकडूनही एक व्यावहारिक मुद्दा सुटतो आहे. करार देणगीदाराच्या आर्थिक वर्षावर चालतात, दुष्काळ पावसाच्या हंगामावर. माणूस बदलायचाच असेल तर तो हंगामाचा अंदाज हाती आल्यावर आणि जुन्या-नव्यांनी काही काळ एकत्र काम करून बदलावा. ऐन कोरड्या महिन्यांत फाइल हातात देऊन निघून जाणे हा निव्वळ कारकुनी सोहळा असतो. परतणाऱ्यांच्या हेतूवर वाद घालण्यापेक्षा हे तपासणे सोपे आहे.

वाटसरू :
हा मुद्दा मान्य. माझ्या जागी त्याच काउंटीतील, आधीपासून कार्यक्रमात असलेली पर्यवेक्षिका आली, आणि आम्ही काही आठवडे सोबत काम केले.

कोरडवाहू :
हे चांगलेच झाले. पण तिला तुमच्या पदाची वेतनश्रेणी मिळाली, की फक्त तुमचे काम?