मदत हवी आहे : गुडघ्यांचा त्रास असलेल्या आई-वडिलांसोबत रोकामादूर (फ्रान्स) कसे पाहावे?

डेल्फ्टकर

नमस्कार मंडळी,

पुण्याहून माझे आई-वडील सप्टेंबरच्या उत्तरार्धात आमच्याकडे नेदरलँड्सला येत आहेत. पॅरिस दाखवून झाल्यावर त्यांना नैऋत्य फ्रान्समधील रोकामादूर या कड्यावरच्या तीर्थक्षेत्री न्यावे आणि तिथे दोन रात्री मुक्काम करावा, असा आमचा विचार आहे. पर्यटकांसाठीच्या पत्रकांतून माहिती भरपूर मिळते, परंतु ती धडधाकट माणसांसाठी लिहिलेली असल्यामुळे माझ्या अडचणीचे उत्तर तिच्यात सापडत नाही. म्हणून हा धागा काढत आहे.

गावाची रचना मला समजली आहे ती अशी. आल्झू नावाच्या लहानशा नदीने कोरलेल्या दरीत चुनखडीचा उभा कडा आहे आणि त्या कड्याला बिलगून हे गाव तीन थरांत वसले आहे. सर्वांत खाली, जुन्या वेशींच्या मधून जाणारा एकच लांबट रस्ता असून त्यावर दुकाने, खानावळी आणि काही हॉटेले आहेत. मधल्या थरात कड्याच्या कपारीला टेकून बांधलेली ख्रिस्ती देवळे आहेत, म्हणजे सँ-सोव्हर बॅसिलिका, तिच्याखालचे संत आमादूर यांचे तळघर, कृष्णवर्णी मरिया मातेचे नोत्र-दाम चॅपेल (छोटे प्रार्थनागृह) आणि आणखी काही लहान चॅपेले. माथ्यावर किल्ला आहे. खालच्या रस्त्यावरून देवळांपर्यंत २१६ पायऱ्यांचा जिना जातो. मध्ययुगातील यात्रेकरू तो गुडघ्यांवर चढत असत. देवळांपासून किल्ल्यापर्यंत वळणे घेत चढणारी, दुतर्फा झाडी असलेली क्रूसाची वाट, म्हणजे येशूच्या क्रूसयात्रेतले प्रसंग दाखवणारी वाट आहे. या दोन्ही टप्प्यांना पर्याय म्हणून दोन स्वतंत्र लिफ्ट आहेत आणि त्यांपैकी वरची तिरकी चालते.

आता अडचण. आईचे वय ७१ असून तिच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. ती सपाटीवर व्यवस्थित चालते, परंतु जिन्यावर तिला कठडा लागतो. असे असूनही २१६ पायऱ्यांचे ऐकल्यापासून "देवाच्या दारी जायचे तर पायऱ्या चढूनच जायचे" असा तिचा आग्रह आहे. सप्तशृंगगडावर फ्युनिक्युलर ट्रॉलीने गेल्याची चुटपुट तिला अजून आहे, त्यामुळे इथेही लिफ्ट दाखवून तिची समजूत निघेल असे मला वाटत नाही. वडील इतिहासाचे निवृत्त शिक्षक आहेत. त्यांना चालण्याचा प्रश्न नाही, मात्र एखादी वास्तू मध्ययुगीन आहे असे सांगितले की तिच्यातले मूळ किती आणि नंतरचे किती, हे कळल्याशिवाय त्यांचे समाधान होत नाही.

माझा बेत असा आहे की माथ्यावर, किल्ल्याजवळ किंवा लोस्पिताले या लगतच्या वस्तीत राहावे, सकाळी क्रूसाच्या वाटेने सावकाश उतरत देवळांपर्यंत यावे, तिथून जिन्याने खालच्या रस्त्यावर उतरावे आणि परत वर जाताना दोन्ही लिफ्ट वापराव्यात. हा बेत योग्य आहे का? ज्येष्ठांसोबत जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे.

याखेरीज, आमच्यापैकी कोणालाही परदेशात गाडी चालवण्याची सवय नाही, तेव्हा केवळ रेल्वेच्या भरवशावर जाता येईल का? पादिराकची प्रसिद्ध भूमिगत नदी जवळच आहे असे वाचले. ती आईला झेपेल का? आई-वडील पूर्ण शाकाहारी आहेत, अंडेही खात नाहीत. आणि देवळात पादत्राणे, फुले, नैवेद्य, छायाचित्रे यांबाबत तिथली रीत काय आहे, हेही कोणी सांगितले तर आईला आधीच कल्पना देता येईल.

गारोनकाठी

आम्ही तूलूझला राहत असताना भारतातून आलेल्या बहुतेक पाहुण्यांना रोकामादूरला नेत असू आणि त्यांत साठी-सत्तरीतली मंडळी बरीच असत. त्या अनुभवावरून स्पष्ट सांगतो की आपला बेत उलटा करावा. दुखऱ्या गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणे अधिक जाचते, कारण उतरताना प्रत्येक पायरीला शरीराचा भार वाकलेल्या गुडघ्यावर झेलावा लागतो. आपण योजलेल्या क्रमात आईंना सगळा उतार पायी आणि सगळा चढ लिफ्टने करावा लागेल, म्हणजे गुडघ्याला सर्वाधिक त्रास होईल आणि पायऱ्या चढल्याचे समाधानही मिळणार नाही.

त्याऐवजी मुक्काम खालच्या रस्त्यावरच करावा. सकाळी दिवसभराचे पर्यटक येण्याआधी जिना जवळजवळ मोकळा असतो. पायऱ्या दगडी, रुंद आणि बुटक्या आहेत, मध्ये थांबायला भरपूर जागा आहे आणि मागून कोणी घाई करत नसले की आईंना पाऊण तास लागला तरी काही बिघडत नाही. पाऊस पडून गेलेला असेल तर मात्र त्या दिवशी हट्ट करू नये, कारण शतकानुशतकांच्या वावराने गुळगुळीत झालेला चुनखडीचा दगड ओला झाला की निसरडा होतो. उतरताना न चुकता लिफ्ट घ्यावी. दोन्ही लिफ्टची तिकिटे वेगवेगळी असतात आणि हंगामानुसार त्यांच्या वेळा बदलतात, म्हणून शेवटची फेरी किती वाजता आहे हे सकाळीच पाहून ठेवावे.

एक गोष्ट पत्रकांत ठळकपणे लिहिलेली नसते. लिफ्टने देवळांच्या थरापर्यंत पोहोचलात तरी तिथल्या अंगणापासून नोत्र-दाम चॅपेलपर्यंत आणखी पायऱ्या आहेतच. त्या टाळता येत नाहीत, त्यामुळे आईंची थोडी ताकद त्यासाठी राखून ठेवावी.

किल्ल्यासाठी फार धडपड करू नये. आतला भाग पाहता येत नाही, फक्त तटावर पैसे भरून जाता येते. दरीवर झुकलेल्या त्या तटावरून खालची छपरे दिसतात खरी, परंतु संपूर्ण गाव कड्याला कसे चिकटले आहे ते किल्ल्यावर उभे राहून दिसणारच नाही. ते दृश्य लोस्पितालेच्या कठड्यावरून दिसते आणि सकाळचे ऊन कड्यावर पडलेले असताना पाहावे. दुसऱ्या दिवशी टॅक्सीने स्टेशनकडे जाताना तिथे दहा मिनिटे थांबलात तरी पुरे.

रेल्वेबद्दल : पॅरिसच्या ऑस्तरलित्झ स्थानकावरून ब्रीव या शहरापर्यंत साडेचार तासांच्या आसपास लागतात आणि तिथे गाडी बदलून रोकामादूर-पादिराक या स्थानकावर उतरता येते. हे स्थानक गावापासून सुमारे चार किलोमीटरवर, पठारावर एकटेच उभे आहे. बाहेर टॅक्सी उभी असेल असे अजिबात गृहीत धरू नये, ती आधीच ठरवावी. ब्रीवहून पुढे जाणाऱ्या गाड्या दिवसाला मोजक्याच असल्याने पॅरिसहून सकाळची गाडी घेणे बरे. खालचा रस्ता पादचाऱ्यांचा आहे, तेव्हा सामान नेमके कुठे उतरवता येईल हेही हॉटेलला विचारून ठेवावे.

पादिराक मात्र या सहलीत वगळावे, असे माझे मत आहे. ७५ मीटर खोल विवरात लिफ्टने उतरता येते आणि भूमिगत नदीवरचा नावेचा प्रवास विलक्षण आहे यात शंका नाही, परंतु नाव सोडल्यावर पुढच्या दालनांत ओलसर पायऱ्यांची बरीच चढउतार करावी लागते आणि ती अर्ध्यावर सोडून परत फिरणे सोपे नसते. वडिलांना एकट्याने जायचे असेल तर आगाऊ आरक्षण करावे आणि आत तापमान १३ अंशांच्या आसपास असते म्हणून स्वेटर न्यावा.

शेवटचा आणि तातडीचा मुद्दा. सप्टेंबरच्या अखेरच्या शनिवार-रविवारी तिथे गरम हवेच्या फुग्यांचा मेळा भरतो आणि ते फुगे दरीतून वर चढतात. दृश्य सुंदर असते, पण राहण्याची जागा मिळत नाही आणि रस्ते तुंबतात. आपल्या तारखा त्या आठवड्याच्या मधल्या दिवसांत ठेवता आल्या तर उत्तम.

पोटोबा

आहाराबाबत मी लिहितो, कारण तो प्रांत बदकाच्या मांसाचा आहे आणि शाकाहाऱ्याला तिथे आगाऊ बोलल्याशिवाय नीट जेवण मिळणे कठीण जाते. सॅलडवरही बदकाचे तुकडे सहज पसरलेले असतात आणि शाकाहारी म्हणून सांगितल्यास ऑम्लेट पुढे येते. अंडे, मांस, मासे आणि मांसाचा रस्सा यांपैकी काहीही चालत नाही असे फ्रेंचमध्ये लिहिलेला कागद जवळ ठेवावा.

गावाच्या नावाचेच शेळीच्या कच्च्या दुधाचे चीज तिथे प्रसिद्ध आहे. सुमारे ३५ ग्रॅमची चपटी, मऊ चकती असते आणि ती गरम करून पावावर, अक्रोडांसह सॅलडमध्ये देतात. दिसायला ते शाकाहारीच वाटते, परंतु फ्रान्समधील पारंपरिक चीजमध्ये दूध गोठवण्यासाठी बहुधा वासराच्या जठरातले रेनेट वापरतात. आपल्या आई-वडिलांना हे चालणार नसेल तर त्यांना आधी सांगावे, समोर ताट आल्यावर नव्हे. अक्रोड, अक्रोडाचे तेल, पाव, फळे आणि उकडलेल्या भाज्या यांवर दोन दिवस निभावतात. स्वयंपाकघर असलेली खोली मिळाली तर ती घ्यावी आणि किराणा ब्रीवलाच भरून न्यावा, कारण खालच्या रस्त्यावरची दुकाने प्रामुख्याने भेटवस्तूंची आहेत.

जुनापुराणा

आपल्या वडिलांचा प्रश्न मला फार आवडला, कारण रोकामादूरबाबत तो विचारलाच पाहिजे. दुरून पाहिल्यावर मध्ययुग जसेच्या तसे टिकल्याचा जो भास होतो, त्याचा मोठा भाग एकोणिसाव्या शतकातील जीर्णोद्धाराने निर्माण केला आहे. १४७६ मध्ये कड्याचा भाग कोसळून नोत्र-दाम चॅपेल उद्ध्वस्त झाले आणि ते पुन्हा उभारले गेले. १५६२ मध्ये फ्रान्समधील कॅथलिक-प्रोटेस्टंट धर्मयुद्धांच्या काळात प्रोटेस्टंट सैनिकांनी क्षेत्र लुटले आणि संत आमादूर म्हणून पूजल्या जाणाऱ्या देहाचीही नासधूस केली. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर उरलेसुरले वैभवही गेले. आजचा किल्ला आणि देवळांचा सलग, रेखीव देखावा हे १८५० नंतरच्या पुनर्बांधणीचे फळ आहे.

म्हणून वडिलांना तीन गोष्टी आवर्जून दाखवाव्यात. पहिली म्हणजे बॅसिलिकेखालचे संत आमादूर यांचे तळघर. बॅसिलिका आणि हे तळघर १९९८ पासून, स्पेनमधील सान्तियागो या तीर्थक्षेत्राकडे जाणाऱ्या यात्रामार्गांचा भाग म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. दुसरी, सँ-मिशेल चॅपेलच्या बाहेरच्या भिंतीवरची बाराव्या शतकातली भित्तिचित्रे. ती उघड्यावर असूनही कड्याच्या पुढे झुकलेल्या छपरामुळे वाचली आहेत. घाईत असलेली माणसे मान वर न करता त्यांच्याखालून निघून जातात. तिसरी, खुद्द मातेची अक्रोडाच्या लाकडातली मूर्ती, जी सुमारे ७० सेंटिमीटर उंच आहे आणि बाराव्या शतकातली मानली जाते.

क्षेत्राच्या उत्कर्षाची गोष्ट ११६६ पासून सुरू होते. त्या वर्षी चॅपेलच्या दाराशी खोदताना एक न कुजलेला देह सापडला. तो आमादूर नावाच्या विरक्ताचा ठरवण्यात आला आणि पुढे दंतकथेने त्याला बायबलमधल्या उंबराच्या झाडावर चढलेल्या जक्कयाशी जोडले. ११७२ मध्ये इथल्या १२६ चमत्कारांची पोथी तयार झाली. इंग्लंडचा दुसरा हेन्री इथे भक्तीने येऊन गेला होता, आणि त्याच्याच बंडखोर मुलाने ११८३ मध्ये सैनिकांचे पगार भागवण्यासाठी हे देवस्थान लुटले. त्यानंतर थोड्याच दिवसांत जवळच्या मार्तेल गावी तो तापाने मरण पावला. भाविकांनी त्याचा अर्थ काय लावला असेल ते सांगायला नको.

कड्यात खुपसलेली, सम्राट शार्लमेनचा योद्धा रोलां याची तलवार मात्र शोधत बसू नये. दंतकथेतली त्याची द्यूरांदाल नावाची तलवार म्हणून दाखवली जाणारी ती गंजकी तलवार जून २०२४ मध्ये नाहीशी झाली.

डेल्फ्टकर

सर्वांचे मनापासून आभार. चढ पायी आणि उतार लिफ्टने, हे आईला फोनवर सांगितले आणि तिला ते लगेच पटले. पादिराक वगळले आहे, तारखाही मंगळवार ते गुरुवार अशा करत आहे. देवळातल्या रीतिरिवाजांबद्दल कोणी सांगू शकेल का? आई घरून खणा-नारळाची पिशवी घेऊन निघण्याच्या तयारीत आहे.

गारोनकाठी

तो मुद्दा माझ्याकडून राहिला. पादत्राणे काढण्याची रीत नाही आणि दगडी फरशी थंड असते, म्हणून आईंनी बूट घालूनच आत जावे. पुरुषांनी टोपी काढावी. नारळ फोडणे किंवा खाद्यपदार्थ अर्पण करणे तिथे होत नाही. त्याऐवजी पेटीत पैसे टाकून मेणबत्ती घ्यावी आणि नेमून दिलेल्या जागी लावावी. हे आईंना निरांजनासारखे आपलेसे वाटेल. खणाची घडी मूर्तीपुढे ठेवण्याचा प्रयत्न करू नये, मूर्ती उंचावर आहे आणि जवळ जाता येत नाही. प्रार्थनासभा चालू असताना फिरणे आणि छायाचित्रे काढणे टाळावे, बाकावर शांतपणे बसलात तर परधर्मीय म्हणून कोणी हटकत नाही.

चॅपेलमध्ये बसल्यावर वर पाहायला सांगावे. छताला एक जुनी लोखंडी घंटा टांगलेली आहे आणि समुद्रात संकटात सापडलेल्या नावाड्यांना माता वाचवते तेव्हा ती कोणी न हलवता वाजते, अशी श्रद्धा आहे. जवळच टांगलेल्या जहाजांच्या लहान प्रतिकृती म्हणजे वाचलेल्यांनी फेडलेले नवस आहेत, एवढे सांगितलेत की पुढचे आईंना समजावून सांगावे लागणार नाही. सभेच्या वेळा अंगणातल्या फलकावर लावलेल्या असतात. सकाळची सभा संपल्यावर आणि लिफ्टची गर्दी सुरू होण्याआधी जो वेळ मिळतो, तो आपल्या कामाचा आहे.