सोसायटी ग्रुप : मॅनेजमेंटची सीट घ्यावी का? आणि आपल्या रंगारी दादांच्या मुलीची फी

ए-१०२ वहिनी : नमस्कार सगळ्यांना. लेकीला कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच करायचंय. सीईटीचे मार्क बरे आहेत, फार नाहीत. एका कॉलेजातून रोज फोन येतोय, मॅनेजमेंट कोट्यातली सीट आत्ता पक्की करा, शिष्यवृत्तीचं नंतर बघून देऊ म्हणतात. आम्ही ओपनमधले, दोघांचं मिळून वर्षाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत. काय करावं?

बी-५०३ ताई : वहिनी, अजिबात पैसे भरू नका. मी कॉलेजच्या स्टुडंट सेक्शनलाच काम करते. मॅनेजमेंट कोट्यातल्या प्रवेशाला राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना लागूच होत नाही. नंतर कोणीही काहीही "बघून" देऊ शकत नाही. प्रवेश कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच हवा. दुसऱ्या पसंतीचं कॉलेज किंवा दुसरी ब्रँच मिळाली तरी कॅपचीच सीट धरा.

बी-५०३ ताई : आणि मुलगी आहे, म्हणून आणखी सांगते. ८ जुलै २०२४ च्या जीआरने व्यावसायिक अभ्यासक्रमांना मुलींची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची सवलत ५० वरून १०० टक्के झाली. उत्पन्नाची अट ८ लाखांपर्यंत. खासगी विनाअनुदानित कॉलेजलासुद्धा आहे.

ए-१०२ वहिनी : म्हणजे काहीच भरायचं नाही?

बी-५०३ ताई : तसं नाही. डेव्हलपमेंट फी, होस्टेल, मेस हे आपल्यालाच. तेवढ्याची तयारी ठेवा. पण खरा भार शिक्षण शुल्काचाच असतो.

डी-२०१ काका : आमच्या नातवाला काय मिळेल मग?

बी-५०३ ताई : काका, त्याच अटींवर मुलांना निम्मं शिक्षण शुल्क. कुटुंबातल्या पहिल्या दोन अपत्यांपुरतं. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आताच काढायला टाका, रिझल्टनंतर सेतू केंद्रात रांगा लागतात. महाडीबीटीचा, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा फॉर्म दरवर्षी नव्याने भरावा लागतो, तेही मुलं विसरतात.

सी-४०४ : एक माझ्याकडून. माझ्या भाच्याचा अर्ज मंजूर होता, पैसे मात्र येईनात. त्याने दिलेल्या खात्यात नाही, आधारला डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) जे खातं जोडलेलं असतं त्यात ते जातात. त्याचं शाळेत असताना काढलेलं जुनं खातं जोडलेलं निघालं, आणि तेही बंद पडलेलं. माय आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस, म्हणजे कोणत्या बँकेचं खातं जोडलंय ते दिसतं, सगळ्यांनी आधी ते बघून घ्या.

ए-३०१ काकू : मुली, तुला एक विचारायचं होतं. आपल्या बिल्डिंगचं रंगकाम करताहेत ना, त्या दादांची मुलगी पहिल्याच वर्षाला इंजिनीअरिंगला आहे. काल पाणी द्यायला गेले तेव्हा म्हणाले, होस्टेलचे पैसे व्याजाने काढलेत. फार वाईट वाटलं गं. त्यांच्यासाठी काही आहे का?

बी-५०३ ताई : काकू, आहे! आणि त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं, याचंच मला जास्त वाईट वाटतं. रंगारीसुद्धा बांधकाम कामगारांत मोडतात. राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात त्यांची नोंदणी चालू असेल तर मुलांच्या इंजिनीअरिंगला वर्षाला ६० हजार आणि मेडिकलला १ लाख मिळतात. साध्या पदवीला २० हजार. हा पैसा बिल्डरांकडून बांधकामावर वसूल होणाऱ्या उपकरातूनच येतो, म्हणजे त्यांच्याच घामाचा आहे. त्यांची नोंदणी आहे का, विचाराल?

ए-३०१ काकू : विचारलं आत्ताच, खालीच होते. कार्ड नाही म्हणतात. गावाकडच्या भावाचं आहे.

बी-५०३ ताई : मग आधी नोंदणी. वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षभरात किमान ९० दिवस बांधकामाचं काम केल्याचा दाखला हवा. बहुतेकांचं अडतं ते इथेच. ठेकेदार सही द्यायला टाळाटाळ करतात, आणि कामगार दोन साइटवर चार ठेकेदारांकडे फिरलेला असतो.

सेक्रेटरी : ठेकेदार आपलाच आहे. शेवटचं बिल अजून माझ्याकडे आहे. त्याच्याशी मी बोलतो.

डी-२०१ काका : बिल अडवून नको हो, त्यातून मजुरांचीच मजुरी थांबेल.

सेक्रेटरी : बरोबर आहे काका, बिल अडवणार नाही. समोर बसवून दाखल्यांवर त्याच्या सह्या घेईन. एकट्या दादांच्या दाखल्यावर नाही, साइटवरच्या सगळ्यांच्या. ताई, दाखल्याचा नमुना पाठवाल?

बी-५०३ ताई : रात्री पाठवते. दादांना म्हणावं आधार, रेशनकार्ड, फोटो आणि बँक पासबुक आणा. आणि मुलीचा प्रवेश कॅपमधून झालाय का तेही विचारा. झाला असेल तर तिने महाडीबीटीचा फॉर्म भरलाय का ते मी स्वतः बघते, मुदत अजून आहे.

ए-३०१ काकू : रविवारी सकाळी क्लब हाऊस उघडं ठेवा. मी त्यांना घेऊन येते, चहाचं माझ्याकडे.

ए-१०२ वहिनी : मीही येते ताई. त्या कॉलेजला "सीट नको" म्हणून कळवलंय. कॅपचा ऑप्शन फॉर्म (कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा) भरायला लेकीला तुमच्याशेजारी बसवू का?

बी-५०३ ताई : बसवा. येताना मागच्या वर्षीचे कटऑफ काढून आणा.