जून ते ऑगस्ट, तीन महिने बसून काम करायला जागा हवी (कोल्हापूर, बजेट २५००)

हिशेबवही:
नमस्कार मंडळी. मंगळवार पेठेत आमचं जुनं घर आहे, शेजाऱ्यांची आणि आमची एक भिंत सामायिक. शेजारी घर पाडून नवीन बांधताहेत. सकाळी दहाला ब्रेकर (काँक्रीट फोडायचं मशीन) सुरू होतो तो सहापर्यंत. मी पुण्याच्या एका सीए फर्मचं काम घरून करते, जीएसटी रिटर्न आणि बँकेचा मेळ. महिन्याची ११ तारीख (जीएसटीआर-१, विक्रीचं रिटर्न) आणि २० तारीख (३बी, कर भरायचं रिटर्न) जवळ आली की क्लायंटचे रोज पाच-सहा फोन असतात. गेल्या २० तारखेला एकांनी फोनवर 'सदतीस हजार' सांगितलं, ब्रेकरच्या आवाजात मला 'सत्तावीस' ऐकू आलं आणि मी तेच टाकलं. चलन भरायच्या आधी लक्षात आलं म्हणून निभावलं. त्या रात्री झोप लागली नाही.

मला हवंय ते एवढंच: दार बंद होणारी जागा, कारण क्लायंटचे आकडे चारचौघांत बोलता येत नाहीत. लाईट गेली तरी काम थांबायला नको. संध्याकाळी साडेसातपर्यंत बसता यावं. बाईमाणसाला नीट टॉयलेट असावं. बजेट २५००, फार तर ३०००. स्कूटर आहे, पेठेपासून तीन-चार किलोमीटर चालेल. तीनच महिने हवी आहे.

राजारामपुरी बारावी:
ताई, सरळ को-वर्किंगमध्ये सीट घ्या. मी दीड वर्ष बसतोय, महिना सहा हजार. एसी, कॉफी, जनरेटर, खुर्ची तर अशी की संध्याकाळी पाठ दुखत नाही. घरी बसायचो तेव्हा कंबर गेली होती माझी. पैसे वाचवून काम होत नाही, हे माझं मत.

हिशेबवही:
धन्यवाद. पण सहा हजार अधिक १८ टक्के जीएसटी म्हणजे ७,०८०. माझं बजेट २५०० आहे.

राजारामपुरी बारावी:
जीएसटी धरूनच विचारायचं असतं, बरेच लोक ते विसरतात. आणि दर बोलून कमी होतो. मला पहिला महिना हजारानं कमी केला होता.

पेठकर:
पैसे कशाला घालवायचे? पेठेतच आहात तर करवीर नगर वाचन मंदिर आहे की. १८५० सालचं वाचनालय, सगळ्या महाराष्ट्रात एवढं जुनं किती निघतील? माझे आजोबा सभासद, वडील सभासद, मी सभासद. पंखा, उजेड, शांतता सगळं. भवानी मंडपातनं चालत जावा.

रंकाळाकाठी:
पेठकर, वाचनालय चांगलंच आहे हो, पण त्यांना फोनवर बोलायचंय. तिथं बोलायचं कसं?
ताई, अभ्यासिका बघा. स्पर्धा परीक्षेची पोरं बसतात तसली. माझा भाचा महिना नऊशे देतो, सकाळी सहा ते रात्री अकरा, स्वतःचा कप्पा, इन्व्हर्टर. फक्त तिथंही फोन चालत नाही. भाच्याच्या शेजारच्या पोराचा मोबाईल टेबलावर नुसता थरथरला तर वहीच्या पानावर 'बाहेर जाऊन ये' लिहून चार जणांनी पुढं सरकवलं. फोनसाठी जिन्यात जावं लागेल.

पेठकर:
फोन काय दिवसभर असतात का? दोन मिनिटं बाहेर यायचं, बोलायचं, परत आत. आम्ही तसंच करतो.

टाकाळा उतार:
मी गेल्या वर्षी एका ऑफिसात नुसतं टेबल भाड्यानं घेतलो होतो. ठिकाणाचं नाव नको, पण चूक सांगतो म्हणजे तुमची होणार नाही. दुपारी जागा बघितलो, उजेड होता, लोक होते, पसंत केलो. दहा हजार डिपॉझिट रोख दिलो, पावती मागितलो नाही. संध्याकाळी सहानंतर बाकीची दोन ऑफिसं बंद व्हायची आणि जिन्यात मिट्ट काळोख. टॉयलेट खालच्या मजल्यावर, त्याची किल्ली पानपट्टीवाल्याकडं, तो सातला घरी जाणार. दोन महिन्यांत सोडलो. डिपॉझिट 'पुढच्या आठवड्यात देतो' करत करत गेलं ते गेलंच.

रंकाळाकाठी:
दादा, पोलिसात द्यायचं होतं.

टाकाळा उतार:
दादा नाही, ताई आहे मी. आमच्या घरात बायका आलो-गेलोच बोलतात, कोल्हापुरात राहून हे कळू नये का?
हिशेबवही, जागा बघायला संध्याकाळी सात वाजता जावा. दुपारी जाऊ नका. टॉयलेटला आतनं कडी आहे का आणि पाणी आहे का बघा, किल्ली कुणाकडं असते ते विचारा, मग टेबल-खुर्ची बघा. पावती घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

हिशेबवही:
ताई, हे फार उपयोगी सांगितलंत. टॉयलेटच्या किल्लीचं माझ्या डोक्यातही आलं नसतं.

कलम पंचावन्न:
पावतीपेक्षा करार करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. लिव्ह अँड लायसन्सचा (जागा मुदतीपुरती नुसती वापरायला देण्याचा) करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी जागामालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत उलट सिद्ध होईपर्यंत जागा घेणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं. महापालिका हद्दीत नोंदणी फी १००० रुपये. ऑनलाइन होतं. दुसरं, अशा करारात 'भाडेकरू' हा शब्द वापरू नका, तुम्ही परवानाधारक असता.

पेठकर:
तीन महिन्यांच्या खोलीला कोण नोंदणी करतंय वकीलसाहेब. पेठेत सगळं शब्दावर चालतं.

कलम पंचावन्न:
शब्दावर चालतं म्हणून तर टाकाळ्याच्या ताईंचे दहा हजार गेले.

शाहूपुरी कुंभार गल्ली:
कुणीच महत्त्वाचं बोललं नाही म्हणून लिहितो. जून ते ऑगस्ट म्हणताय ना? मग शाहूपुरी, नागाळा पार्क, व्हीनस कॉर्नर या भागात तळमजला अजिबात घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाला तरी. २०१९ ला आणि २०२१ ला आमच्या गल्लीत पाणी आलं होतं. २०१९ ला माझ्या दुकानातलं कपाट पाण्यात तरंगून दारात आडवं झालं, दार आतून उघडेना. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी ३९ फूट झाली की इशारा, ४३ फूट झाली की धोका. आम्ही ३९ लाच सामान वर चढवतो. जुलैच्या शेवटी तुमच्या फायली कुठं हलवणार?

रंकाळाकाठी:
दरवर्षी थोडंच येतंय?

शाहूपुरी कुंभार गल्ली:
ज्याच्या घरात येतं त्याला विचारा. भिंतीची ओल पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जात नाही.

पुण्यातला कोल्हापुरी:
माझं ऐका, पन्हाळ्यावर महिनाभर खोली घ्या. वीसेक किलोमीटर. मी मागच्या पावसाळ्यात पंधरा दिवस राहून काम केलं, पंधरा हजारांत जेवणासकट. धुकं, शांतता, डोकं असं चालतं की विचारू नका. पुण्यात एवढ्या पैशात काय मिळतं? सिग्नलला थांबायला जागा मिळत नाही.

टाकाळा उतार:
त्यांनी २५०० लिहिलंय, आणि घर पेठेत आहे.

राजारामपुरी बारावी:
पन्हाळ्यावर पावसाळ्यात नेटवर्क मिळालं का तुम्हाला? मला तर फोनसुद्धा लागला नव्हता.

पुण्यातला कोल्हापुरी:
खिडकीशी बसलं की मिळायचं.

कॉफी आणि लॅपटॉप:
कॅफेत बसा. मी ताराबाई पार्कात बसते. दोन तासाला एक कॉफी मागवली की कुणी उठवत नाही, मालक ओळखीचे झालेत.

हिशेबवही:
एक कॉफी १२० धरली आणि दिवसाला चार, तर पंचवीस दिवसांचे १२,००० होतात. शिवाय शेजारच्या टेबलाला स्क्रीन दिसते. लोकांचे पॅन नंबर उघडे असतात हो माझ्यासमोर.

तारा आणि बॅटऱ्या:
लाईटबद्दल सांगतो, माझा धंदाच तो आहे. 'इन्व्हर्टर आहे' एवढ्यावर विश्वास ठेवू नका. तीन गोष्टी विचारा. एक, राउटर इन्व्हर्टरवर आहे का. पुष्कळ ठिकाणी दिवे-पंखे असतात आणि राउटरचा प्लग साध्या बोर्डाला. दोन, नेट फायबरचं खोलीपर्यंत आहे का. काही इमारतींत केबलवाल्याचा स्विच जिन्यातल्या पेटीत असतो, त्याला बॅकअप नसला की तुमचा राउटर चालू राहूनही नेट मेलेलं. तीन, मोबाईलला रेंज दार बंद करून बघा, उघडं ठेवून नाही. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, राउटर दहा-बारा वॉटच घेतो, तो दोन-तीन तास काढतो. आणि सिम दोन वेगळ्या कंपन्यांची ठेवा. ११ आणि २० तारखेला तुम्हाला याची किंमत कळेल.

रंकाळाकाठी:
अभ्यासिकेत इन्व्हर्टर असतोच. मी वर लिहिलंय बघा.

पॅटर्नवाल्याचा पुतण्या:
शिवाजी उद्यमनगरात माझ्या काकांचं पॅटर्न शॉप आहे. फाउंड्रीला (ओतकामाच्या कारखान्याला) लागणारे लाकडी पॅटर्न करतात, म्हणजे ज्यावरून साचा घेतात ते नमुने. वर माळ्यावर एक केबिन रिकामी आहे, आधी तिथं हिशेबाचे बापू बसायचे, आता येत नाहीत. दार आहे, खिडकी आहे. काका अठराशे म्हणतात, लाईटचे वेगळे.

राजारामपुरी बारावी:
उद्यमनगर? एका ब्रेकरला कंटाळून शंभर मशीनमध्ये जायचं का? मुळीच नको.

पेठकर:
उद्यमनगरात बाईमाणूस दिवसभर? नको. वाचन मंदिर बरं.

शाहूपुरी कुंभार गल्ली:
पाणी येत नाही तिथं, एवढं खरं. पण आवाज आहेच.

कॉफी आणि लॅपटॉप:
धूळ किती असेल! लॅपटॉप महिन्यात बंद पडेल. माझ्या भावाचा असाच गेला.

कलम पंचावन्न:
औद्योगिक भूखंडावर परस्पर जागा दुसऱ्याला देता येते का, हे कागद बघून खात्री करा. नसेल तर करार उपयोगाचा नाही.

पॅटर्नवाल्याचा पुतण्या:
वकीलसाहेब, कागद दाखवतो, काकांची स्वतःची जागा आहे. आणि आवाजाचं सांगतो. पॅटर्नचं काम बरंचसं हाताचं. पटाशी, रंधा, सॅंडपेपर. बँडसॉ (पट्ट्याची करवत) सकाळी तासभर चालतो. शेजारी लेथ (लोखंड कातायची मशीन) आहेत, त्यांची घरघर असते, ठोकाठोक नाही. ताई, एकदा येऊन ऐका.

टाकाळा उतार:
जावा, पण सात वाजता. आणि एकटं जाऊ नका.

हिशेबवही:
(तीन आठवड्यांनी)
सगळ्यांचे आभार. मी उद्यमनगरची केबिन घेतली. तुमच्यातल्या जवळजवळ सगळ्यांनी नको म्हटलं होतं, म्हणून का घेतली ते सांगते.

चार जागा बघितल्या. एका अभ्यासिकेत दोन दिवस बसले. जागा उत्तम, पण पहिल्याच दिवशी अकरा वेळा जिन्यात गेले, आणि जिन्यात उभं राहून कुणाचा टर्नओव्हर बोलणार? एका ऑफिसात टेबल २५०० ला मिळत होतं. ताईंनी सांगितल्याप्रमाणे संध्याकाळी सातला गेले तर टॉयलेटचं दार लागत नव्हतं.

उद्यमनगरात मी आणि माझा नवरा सातला गेलो. काकी तिथंच होत्या, त्या रोज पाचला येतात आणि काकांबरोबर आठला घरी जातात. टॉयलेट केबिनच्या शेजारी, आतनं कडी, किल्ली माझ्याकडं. केबिनमध्ये काच टाकलेलं जुनं टेबल, काचेखाली बापूंनी ठेवलेलं कॅलेंडर. भिंतीवर लाल-पिवळे पॅटर्न टांगलेत, आणि सगळीकडं सागवानाचा वास. काकांनी मला त्यांची मोजपट्टी दाखवली. दिसायला आपल्या पट्टीसारखीच, पण तिच्यावरचा सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा किंचित मोठा. बीड (ओतीव लोखंड) थंड होताना मीटरला साधारण दहा मिलिमीटर आकसतं, म्हणून पॅटर्न आधीच तेवढा मोठा करायचा. काका म्हणाले, "आकसणार किती ते आधी धरायचं, मग माप चुकत नाही." मी लगेच पुण्याला फोन लावून मॅडमना आकडे वाचून दाखवायला सांगितले. त्यांना लेथ ऐकूच आली नाही. सारखी एकसुरी घरघर असली की हेडफोन आणि मीटिंगचं सॉफ्टवेअर ती काढून टाकतं, अचानक पडणारा ठोका मात्र तितका नीट काढत नाही. घरी माझा प्रश्न आवाजाचा नव्हताच, ठोक्याचा होता.

भाडं अठराशे, लाईटचे दोनशे, डिपॉझिट दोन हजार. पावती घेतली. करार लेखी केला आणि नोंदणीही केली, काकांनीच एक हजार भरले. राउटरला छोटा यूपीएस लावला. सोमवारी उद्यमनगर बंद असतं, त्या दिवशी काका किल्ली देतात, पण मी सोमवारी फोन नसलेलं काम काढून अभ्यासिकेत बसते. रंकाळाकाठी, तुमच्या भाच्याच्याच अभ्यासिकेत, रोजाचे पन्नास घेतात.

११ तारीख झाली. चौदा रिटर्न गेली, एकही आकडा दोनदा विचारावा लागला नाही. एकच अडचण आहे. कीबोर्डवर भुसा बसतो, संध्याकाळपर्यंत बोटाला खरखर लागते. झाकायला काय वापरावं?

राजारामपुरी बारावी:
अभिनंदन. पण खुर्ची कसली आहे तिथं? पाठीचं बघा, मी सांगून ठेवतोय.

कॉफी आणि लॅपटॉप:
मी धुळीचं सांगितलं होतं.

पॅटर्नवाल्याचा पुतण्या:
ताई, काका वजनकाट्यावर सुती पंचा टाकतात, तसलाच जाड पंचा घ्या. काम नसेल तेव्हा कीबोर्डवर टाकायचा आणि संध्याकाळी खाली अंगणात नेऊन झटकायचा. केबिनमध्ये झटकू नका. एक धुतलेला पंचा काकींकडं ठेवतो.