रविवारची सायकल फेरी: बेडफर्ड ते कार्लाइल (मॅसॅच्युसेट्स, अमेरिका)

मंडळी, नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी साडेनऊला बेडफर्ड डेपोपाशी जमायचं. तिथे तो जुना डिझेल रेल्वेचा डबा उभा आहे ना, त्याच्याजवळ. 225 नंबरच्या रस्त्याने कॉन्कर्ड नदी ओलांडून कार्लाइल आणि पुढे ग्रेट ब्रुक फार्म. जाऊन-येऊन साधारण 15 मैल. एलवाइफ स्टेशनहून मिनटमन ट्रेलने, म्हणजे सायकलींच्या वाटेने, सायकल मारत येणाऱ्यांनी जाताना 10 आणि येताना 10 मैल वेगळे धरावेत. मेपल ऐन रंगात आहेत, आणखी आठवड्याने निम्मे झडलेले असतील.

हेल्मेट सगळ्यांना. 16 वर्षांपर्यंतच्या मुलांना तर ते कायद्यानेच लागतं. एक जादा ट्यूब, पाणी आणि सकाळच्या गारठ्यासाठी काढून ठेवता येईल असं जाकीट घ्या. मसाला दूध कोण आणतंय? कोजागिरी होऊन गेली म्हणून काय झालं!

– आर्लिंग्टनकर

———

येतो. पण आधी थोडं बोलून घेतो, म्हणजे पोटात राहायला नको.

मागच्या वर्षी मेलमध्ये "कुणाला मागे सोडणार नाही" असं लिहिलं होतं. नदीवरचा पूल गेला की चढ लागतो, तिथे माझी चेन उतरली. बसवून मान वर केली तर रस्त्यावर पिवळ्या पानांशिवाय कुणी नाही. हाताचं ग्रीस मेपलच्या ओल्या पानांना पुसलं. निघत नाही, सांगून ठेवतो. उलट अंगठ्याला पानाचा चुरा चिकटला, तो हँडलच्या टेपवर अजून आहे.

कार्लाइलच्या चौकात पोचलो, तर मंडळी हेल्मेटचे पट्टे लावत होती. "आलात काका? चला, निघू या." म्हणजे जो सगळ्यात दमलेला, त्यालाच बसायला मिळालं नाही. माझं वय 67 आहे. हळू चालवतो याची लाज नाही, पण धावत गाडी पकडल्यासारखं सायकल चालवायला मला डॉक्टरांनी सांगितलेलं नाही.

– वॉल्थमकर

———

काका, चूक माझी. पुढे कोण आहे ते बघत राहिलो, मागे बघितलंच नाही.

– आर्लिंग्टनकर

———

काकांचं शंभर टक्के बरोबर आहे. पुण्यात असताना आम्ही सह्याद्रीत ट्रेकला जायचो, तेव्हा पुढे लीड आणि सगळ्यात शेवटी बॅक लीड ठरलेला असायचा. बॅक लीडच्या मागे कुणीही राहायचं नाही, एवढा एकच नियम. तोच इथे लावू या. शिवाय प्रत्येक वळणावर एकाने थांबायचं, बॅक लीड दिसल्यावरच हलायचं. आणि चौकातल्या विश्रांतीची दहा मिनिटं शेवटचा माणूस पोचल्यापासून मोजायची, पहिल्यापासून नाही.

दुसरं, पानांबद्दल. गेल्या शनिवारी उतारावर मी साफ घसरले. कोरडी पानं कुरकुरतात, त्यांचं काही नाही. ओली पानं मात्र शेवाळ्यासारखी, शिवाय खाली खड्डा आहे की झाडाचं मूळ ते कळत नाही. ब्रेक वळणाच्या आधी मारा, वळणात नको. ओकच्या बिया चाकाखाली गोट्यांसारख्या सरकतात, तिकडेही लक्ष असू द्या. आणि सगळ्यांनी घरून निघताना हवा तपासा. थंडी पडली की टायर आपोआप मऊ होतात.

225 ला कडेला जागा कमी आहे. दोघांनी शेजारी चालवायला इथे परवानगी आहे, पण मागून गाडी आली की एका रांगेत या, गप्पा नंतर. गाडीवाल्यांनी आपल्यापासून 4 फूट लांबून जावं असा कायदा 2023 पासून आहे, पण कायदा वाचून कोण गाडी चालवतं!

– बेडफर्डची ताई

———

हाय, मी नवीन आहे. नॅशुआहून येईन. या वेगाने 15 मैलांना दुपार होईल का? मी सहसा जोरात चालवतो, पुढे जाऊन परत आलो तर चालेल का?

– नॅशुआकर

———

चालेल की! दम जास्त आहे ना, मग बॅक लीड तूच. पंप आणि चेनचं तेल तुझ्याकडे.

– बेडफर्डची ताई

———

आमची मुलगी 8 वर्षांची आहे. तिला मोठ्या रस्त्यावर नेणार नाही, पण यायचं तर आहे. काय करू?

– बर्लिंग्टनकर

———

डेपोपासूनच नॅरो गेज ट्रेल निघते, बिलरिकाच्या हद्दीपर्यंत तीनेक मैल. बारीक खडीची आहे, पण सपाट, आणि गाड्या नाहीत. 1877 मध्ये तिथे दोन फुटी रुळांची रेल्वे सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी बुडाली. दोन रुळांमधलं अंतर आपल्या नेरळ-माथेरानच्या गाडीएवढंच. लेकीला सांगा, झुकझुकगाडीच्या वाटेवरून सायकल चालवायची आहे. आम्ही परत येईपर्यंत तुमची जाऊन-येऊन फेरी आरामात होईल.

दुधाचं मात्र अजून कुणी बोललेलं नाही.

– आर्लिंग्टनकर

———

दूध मी आणतो. केशर, जायफळ, चारोळी, सगळं घालून. दोन मोठे थर्मास माझ्या कॅरियरला बांधलेले असतील, आणि ते ग्रेट ब्रुक फार्मला गायींच्या कुंपणापाशीच उघडतील.

आता ज्याला पुढे पळायचं असेल त्याने खुशाल पळावं.

– वॉल्थमकर