ऊसतोड बायकांच्या प्रश्नावर पीएचडी करावी का?

बालाघाटची_लेक: एमएसडब्ल्यू (समाजकार्यातलं पदव्युत्तर शिक्षण) झालंय, आता बीडमधे एका संस्थेत ऊसतोड कामगारांसोबत काम करतेय. गर्भपिशव्या काढल्याचा विषय २०१९ ला गाजला, समिती वगैरे झाली, पण उचल (सीझनआधी घेतलेले आगाऊ पैसे), मुकादमाची म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराची वही, खाडा झाला की दंड हे सगळं तसंच चालूय. यावर पीएचडी करायची खूप इच्छा आहे पण घरचे म्हणतात नोकरीचं काय, आणि मलाही वाटतं की थिसिसने त्या बायकांना काय मिळणार? कोणी या लाइनमधे असेल तर सांगा प्लीज.

तासिकावाला_सर: आधी नेट नाहीतर सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा काढ, दोन्हीत समाजकार्य विषय आहे. नेटमधून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर सुरुवातीला महिना ३७ हजार. नाही मिळाली तर बार्टी, सारथी, महाज्योती या फेलोशिप देणाऱ्या सरकारी संस्थांपैकी तुझ्या प्रवर्गानुसार ज्यात बसतेस तिथे जाहिरातीवर लक्ष ठेव. पर्मनंट जागा फार कमी निघतात, बरेच जण पीएचडी होऊनही तासिका तत्त्वावर (तासाप्रमाणे मानधनावर) आहेत, मीही त्यातलाच, तर घरच्यांची काळजी खोटी नाही. तरी कर असंच म्हणेन.

फडावरून: ताई, नक्की करा, पण फडावर फॉर्म घेऊन जाऊ नका. बाई अंधारात उठून भाकरी थापून आलेली असते, दिवसभर मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवते, त्यात शेजारी मुकादम उभा असताना ती हो म्हणाली तर त्याला संमती कसं म्हणणार? सीझन संपून माणसं गावी परतली की जा, निवांत बसा. आणि दुसरं म्हणजे कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, उचल बहुतेकदा नवऱ्याच्या हातात, म्हणून बाईची मजुरी वेगळी कुठेच दिसत नाही. तुमच्या फॉर्ममधेही नुसतं "कुटुंबप्रमुख" विचारलं तर ती तुमच्या डेटातूनही गायब होणार. माझ्या मते थिसिस इथूनच सुरू होतो, तिच्या कामाची नोंद कुठे कुठे होतच नाही ते शोधा.

निळी_शाई: +१. आणि तुळजापूरला टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) आहे की, १९८६ पासून, तुमच्या शेजारच्याच जिल्ह्यात, तिथे चौकशी करा. थिसिसने लगेच काही मिळत नाही हे खरं, पण मागणी घेऊन कलेक्टर ऑफिसला जाताना हातात नीट गोळा केलेली माहिती असली की उडवून लावणं अवघड जातं. फक्त इंग्लिश जर्नलला पाठवायच्या आधी मराठीत लिहून त्याच बायकांना वाचून दाखवा, चुकलं असेल तर त्याच सांगतील.

बालाघाटची_लेक: खूप आभार सगळ्यांचे. कुटुंबप्रमुखाचा रकाना आमच्या संस्थेच्या फॉर्ममधे पण आहे, उद्याच मीटिंगमधे काढते हा विषय. सर, सेटसाठी पेपर १ ची तयारी कशातून करू?