मदत हवी आहे : मेडिकल मिशनसाठी आफ्रिकेत जायचे आहे, व्हिसाचा अर्ज लसीपाशी अडला आहे

मोहननगरकर :
नमस्कार. आमच्या चर्चच्या मंडळीतील काही जण पुढील महिन्यात एका ख्रिस्ती मेडिकल मिशनच्या गटाबरोबर आफ्रिकेत स्वयंसेवक म्हणून जात आहेत व मीही त्यांत आहे. बाकीच्यांचे व्हिसा झाले. माझा ऑनलाइन अर्ज मात्र पिवळ्या तापाच्या लसीचे प्रमाणपत्र जोडल्याशिवाय पुढे सरकत नाही. ही लस नागपुरात कोठे मिळते आणि प्रमाणपत्र किती दिवसांत हाती येते, एवढेच मला हवे आहे. ज्यांना खात्रीने ठाऊक आहे त्यांनीच कृपया लिहावे.

खामल्याचा_प्रवासी :
ताई, आफ्रिका म्हणजे नेमका कोणता देश? इजिप्तला थेट जाणाऱ्या भारतीयास ही लस लागत नाही, घानात तिच्याशिवाय प्रवेश नाही. आणि तेथे आपण काय काम करणार आहात?

मोहननगरकर :
युगांडा. मी नर्स आहे. शिबिरात ड्रेसिंग आणि शस्त्रक्रियेनंतरची शुश्रूषा करायची आहे. लस कोठे मिळते, ते कृपया सांगावे.

निवृत्त_भूलतज्ज्ञ :
ही लस कोणत्याही खासगी दवाखान्यात घेऊन चालत नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर अधिकृत केंद्रांची यादी आहे; तीत पाहावे आणि आधी फोन करूनच जावे. एका कुपीत अनेक डोस असतात आणि उघडलेली कुपी काही तासांतच संपवावी लागते, म्हणून बहुतेक केंद्रे ठरावीक वारीच लस देतात आणि नावे आधी नोंदवून घेतात. मूळ पासपोर्ट सोबत न्यावा. प्रमाणपत्र लसीनंतर 10 दिवसांनी वैध होते आणि 2016 पासून ते आयुष्यभरासाठी ग्राह्य आहे. लस जिवंत विषाणूची आहे. अंड्याची तीव्र अॅलर्जी, गर्भारपण किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे यांपैकी काही असेल तर ते केंद्रावर आधीच सांगावे. परतताना प्रमाणपत्र जवळ नसले तर भारतातील विमानतळावर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते, हेही ध्यानात असू द्यावे.

विदर्भ_एक्सप्रेस :
कंपाला समुद्रसपाटीपासून सुमारे 1,200 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे विषुववृत्ताजवळ असूनही नागपूरच्या मे महिन्यासारखा उकाडा तेथे नसतो. एक पातळ स्वेटर ठेवावा. प्लग ब्रिटिश पद्धतीचे, तीन चौकोनी पिनांचे असतात, अॅडाप्टर न्यावा.

खामल्याचा_प्रवासी :
स्वेटरचे कोणी विचारले नव्हते. ताई, व्हिसा पर्यटनाचा घ्यावा. लवकर मिळतो आणि कोणी फारसे विचारत नाही. माझा भाचा असाच जाऊन आला.

निवृत्त_भूलतज्ज्ञ :
आपला भाचा बहुधा गोरिला पाहण्यास गेला असावा. या ताई रुग्णांना हात लावणार आहेत. परदेशी परिचारिकेला युगांडा नर्सेस अँड मिडवाइव्ज कौन्सिलची तात्पुरती नोंदणी लागते. तिच्याविना रुग्णसेवा करणे म्हणजे परवान्याविना काम करणे होय, मग हेतू कितीही चांगला असो. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून गुड स्टँडिंग सर्टिफिकेट (नोंदणी चालू व निर्दोष असल्याचा दाखला) घेऊन यजमान रुग्णालयामार्फत अर्ज करावा. व्हिसाचा प्रकारही त्या रुग्णालयाने लेखी कळवावा.

पाढरचा_जुना_स्वयंसेवक :
प्रभूच्या नावाने सलाम. थोडे स्पष्ट लिहितो, राग नसावा. शिबिराचा गट निघून गेला की टाके पाहायचे काम तेथील दोन-चार परिचारिकांवर पडते, आणि आलेल्या पाहुण्यांना त्यांची भाषाही येत नसते. बैतूल जिल्ह्यातील पाढरचे मिशन रुग्णालय आपल्यापासून काही तासांच्या अंतरावर आहे. सेवाच करायची असेल तर तेथे लस, व्हिसा यांपैकी काहीच आडवे येत नाही.

मोहननगरकर :
भाऊ, पाढर मला ठाऊक आहे. युगांडाचे हे रुग्णालय याच गटाबरोबर दरवर्षी काम करते व मागील रुग्णांची फेरतपासणीही ठेवते, म्हणून तेथे जात आहे. राहणे-जेवण अमेरिकेतील यजमान चर्चकडून आहे, फक्त तिकीट माझे. नोकरीतून रजाही मंजूर होईल, असे आमच्या शासकीय रुग्णालयाच्या मेट्रन म्हणाल्या आहेत.

आस्थापना_लिपिक :
आपण अधिपरिचारिका आहात आणि शासकीय सेवेत आहात, हे आत्ता कळले. व्हिसापेक्षा महत्त्वाची बाब ही आहे. परदेशी जाण्यासाठी रजेव्यतिरिक्त सक्षम अधिकाऱ्याचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. मेट्रनच्या तोंडी होकाराला फाइलीत जागा नाही. शिवाय परकीय योगदान (विनियमन) अधिनियम, 2010 च्या कलम 6 नुसार शासकीय सेवकाला परदेशात परकीय पाहुणचार स्वीकारण्यासाठी केंद्र सरकारची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. तिचा अर्ज एफसी-2 या नमुन्यात करतात.

खामल्याचा_प्रवासी :
सेवा करणाऱ्याला दोन वेळचे जेवण दिले, तर त्याला पाहुणचार कसे म्हणता येईल? हा विनाकारण घाबरवण्याचा प्रकार आहे.

आस्थापना_लिपिक :
व्याख्या कायद्यातच दिलेली आहे : परकीय स्रोताने दिलेला प्रवासखर्च किंवा विनामूल्य निवास, भोजन, वाहन वा वैद्यकीय उपचार. त्यात केवळ प्रासंगिक पाहुणचार धरलेला नाही. परंतु शिबिर चालेपर्यंतची मुक्कामाची व्यवस्था प्रासंगिक कशी म्हणावी? अमेरिकेतील चर्च हा परकीय स्रोतच होय. निवास-भोजनाचा खर्च आपण स्वतः दिलात आणि पावती ठेवलीत, तर हा प्रश्न उरत नाही.

पाढरचा_जुना_स्वयंसेवक :
म्हणूनच म्हणत होतो, पाढर.

मोहननगरकर :
पाळकांशी बोलणे झाले. राहण्या-जेवणाचे पैसे मी स्वतः भरणार आहे आणि लसीच्या केंद्रावर नावही नोंदवले आहे. आता एवढेच सांगावे, ना-हरकतीच्या अर्जात कारण ‘खासगी भेट’ लिहावे की ‘वैद्यकीय स्वयंसेवा’? कार्यालयातील सहकारी पहिले लिहा म्हणतात, कारण दुसरे लिहिल्यास फाइल वर जाते.

आस्थापना_लिपिक :
दुसरेच लिहावे. फाइल वर जाईल, वेळ लागेल. पण व्हिसाच्या कागदांत एक कारण आणि ना-हरकतीत दुसरे, असे झाले तर उद्या चौकशीत उत्तर आपल्यालाच द्यावे लागेल. अर्जासोबत निमंत्रणपत्राची प्रत जोडावी. ते पत्र युगांडाच्या रुग्णालयाचे आहे की अमेरिकेतील चर्चचे, हे आपण अजून लिहिलेले नाही.

मोहननगरकर :
चर्चचे.

निवृत्त_भूलतज्ज्ञ :
मग रुग्णालयाचे वेगळे पत्र आजच मागवावे. नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीलाही तेच लागेल.