इरॅडिएशननंतर (किरणोत्सर्गाचा मारा दिल्यावर) लीकेज करंट (सेन्सरमधून आपोआप झिरपणारा करंट) वाढला, सेन्सर गेला का?

प्रश्न: १ चौ. सेमी, ३०० मायक्रॉन जाडीचा एन-टाइप सिलिकॉन डायोड (कण टिपणारा सेन्सर). फ्लूएन्स (दर चौ. सेमीवर पडलेले एकूण कण) १०^१४ न्यूट्रॉन/चौ. सेमी, मग ६० अंशांवर ८० मिनिटं तापवून अ‍ॅनीलिंग. २० अंशांना करंट १२० मायक्रोअँपिअर!

उत्तर १: हिशोब चोख आहे. अल्फा (फ्लूएन्समागे करंट किती वाढतो तो गुणांक) ४×१०^-१७ अँपिअर/सेमी, गुणिले फ्लूएन्स, गुणिले ०.०३ घन सेमी. उणे २० ला मोजा, साठेक पट उतरेल. कोरडा नायट्रोजन सोडा. दव धरलं तर मोजमापावर अक्षरशः पाणी.

उत्तर २: करंटचं एवढं काय? डिप्लिशन व्होल्टेज (सेन्सरची पूर्ण जाडी सिग्नल देऊ लागायला लागणारं व्होल्टेज) बघा. बल्क (डायोडचा आतला मुख्य भाग) बहुधा एन-टाइपचा उलटून पी-टाइपसारखा झालाय. डिप्लिशन मागून सुरू होतं, व्होल्टेज अपुरं पडलं की सिग्नल घसरतो.

प्रश्नकर्ता: आणखी तापवू?

उत्तर २: नको. करंट किंचित उतरेल, पण डिप्लिशन व्होल्टेज चढत जाईल. फ्रीझरमध्येच ठेवा.